गॅरेजच्या आधीची वर्षे

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तासगाव तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. भुरीवर, म्हणजे द्राक्षावर येणाऱ्या पांढऱ्या बुरशीच्या रोगावर, जैविक औषध तयार करणारी कंपनी काढायची, असे तिने मनात घेतले आहे, तेही लगेच, एम.एस्सी. न करता. बायोटेक कंपन्या काढलेल्या लोकांच्या मुलाखती ती रोज मोबाइलवर बघते. किरण मजुमदार-शॉ यांनी दहा हजार रुपयांत गॅरेजमधून सुरुवात केली, मग मला बारा लाख का पुरणार नाहीत, असे विचारते. बेदाण्याच्या पैशातून तिच्यासाठी तेवढेच बाजूला ठेवले आहेत. तिचा मामा म्हणतो, बायोटेकला नोकऱ्या नाहीत, एमबीए करून गुंतवणुकीच्या कंपनीत जा. मी बारावीपर्यंत शिकलेला शेतकरी आहे. पैसे द्यावेत का?
– एक वडील, तासगाव तालुका

सप्रेम नमस्कार,

पैसे द्या, पण आत्ता कंपनीसाठी देऊ नका. ते तिच्या पुढच्या शिक्षणाला लागतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षणानंतरची दोन-तीन वर्षे तिला पगार कमी पण काम चांगले अशी नोकरी धरता यावी, म्हणून ते जपून ठेवा. कंपनीचे स्वप्न सोडायला तिला सांगू नका. तिने निवडलेला विषय चांगला आहे. तो कसा चांगला, ते पुढे सांगतो.

आधी त्या गॅरेजचे बघू, कारण तुमच्या घरातला वाद तिथूनच सुरू झालेला दिसतो. त्यांची बायोकॉन इंडिया ही कंपनी १९७८ साली बंगळुरूत भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये सुरू झाली आणि भांडवल दहा हजार रुपये होते, हे अगदी खरे. पण त्याआधी काय काय झाले होते? किरण मजुमदार प्राणिशास्त्रात पदवीधर होत्या. वडील बिअरच्या कारखान्यात मुख्य ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवण्याचे काम सांभाळणारे तज्ज्ञ. मुलगी ऑस्ट्रेलियात बॅलरॅटला जाऊन बिअर बनवण्याचे रीतसर शिक्षण घेऊन आली, वर्गात एकटी मुलगी असूनही पहिली आली. तिकडच्या कारखान्यात उमेदवारी केली, परत येऊन कोलकात्यात आणि बडोद्यात काम केले. ब्रूमास्टरची जागा मात्र बाईला कुणी देईना. त्याच सुमारास आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातली बायोकॉन बायोकेमिकल्स ही एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) बनवणारी कंपनी भारतात भागीदार शोधत होती. तिचे मालक लेस्ली ऑचिनक्लॉस यांची गाठ पडली आणि सुरुवातीला त्या कंपनीत काम शिकून मग बंगळुरूचे गॅरेज सुरू झाले.

त्या गॅरेजात बनत काय होते? पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम, आणि माशाच्या वायुकोशापासून आयसिंग्लास, जे बिअर नितळ करायला वापरतात. दोन्ही माल कुणाला लागतो, कशासाठी लागतो, किती शुद्ध लागतो, हे त्यांना आंबवण्याच्या टाकीजवळ उभे राहून ठाऊक झाले होते. आणि माल घेणारा भागीदार पहिल्या दिवसापासून ठरलेला होता. दहा हजार रुपये पुरले ते या दोन गोष्टींमुळे. तरीही बँका कर्ज देत नव्हत्या. पुढे आयसीआयसीआयचे नारायणन वाघुळ यांनी १९८७ मध्ये अडीच लाख डॉलरचे भांडवल दिले, तेव्हा नव्या तंत्राचा छोटा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. कंपनी शेअर बाजारात आली २००४ साली, म्हणजे गॅरेजनंतर २६ वर्षांनी. मुलाखतीत हे सगळे दोन मिनिटांत उरकते, त्यामुळे ऐकणाऱ्या मुलांच्या लक्षात फक्त गॅरेज राहते. याची मला मनापासून काळजी वाटते. अशा मुलाखती बघून घरची ठेव मोडायला निघालेली मुले माझ्याकडे येतात. त्यांच्यात उत्साह भरपूर असतो, पण एकदाही फरमेंटर (जीवाणू किंवा बुरशी वाढवायची टाकी) स्वतः चालवलेला नसतो.

विज्ञानाचे शिक्षण नसताना कंपनी काढून दाखवणारी माणसेही आहेत, आणि तुमची लेक त्यांचे उदाहरण देईलच. हैदराबादचे वरप्रसाद रेड्डी इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. त्यांनी १९९३ मध्ये शांता बायोटेक्निक्स काढली आणि ऑगस्ट १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बी ची देशी लस बाजारात आणली. परदेशी लस सामान्य माणसाला परवडत नव्हती, ती त्यांनी आवाक्यात आणली. माझ्या मते आपल्या देशातल्या उद्योजकांच्या गोष्टींत ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यांनी जीवशास्त्र स्वतः शिकण्याचा हट्ट धरला नाही, ज्यांना ते येते अशी माणसे जमवली. पैसा ओमानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री युसूफ बिन अलावी यांच्याकडून आला, आणि तो चार वर्षे एक रुपयाची विक्री नसताना थांबला. बेदाणा विकून साठवलेला पैसा तसा थांबू शकत नाही. एक अवकाळी पाऊस आला की तुम्हाला तो लागणार आहे.

तुमच्या तालुक्याला जवळची वाटेल अशी गोष्ट पुण्याची आहे. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांचा स्टड फार्म होता. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, कारण घोड्याच्या रक्तातून धनुर्वातासारख्या रोगांवरचे सीरम काढत. घोडे आपले, मग सीरम आपणच का काढू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घरात जे होते त्याचा शास्त्राशी असलेला संबंध त्यांनी ओळखला. तुमच्या घरात चार एकर द्राक्ष आहे. म्हणून म्हटले, विषय चांगला आहे.

भुरीचे तुम्हाला मी सांगायला नको. फळछाटणीनंतर दावण्या या दुसऱ्या रोगातून सुटलो म्हणेपर्यंत थंडीत मणी भरताना भुरी येते, आणि नेमकी तेव्हा रसायनाची फवारणी अवघड होते, कारण काढणी जवळ आलेली असते आणि युरोपला जाणाऱ्या मालात औषधाचा अवशेष सापडला तर कंटेनर अडकतो. त्या शेवटच्या आठवड्यांत चालणाऱ्या जैविक औषधाला खरीच मागणी आहे. भुरीच्या बुरशीवर जगणारी अँपेलोमायसेस नावाची बुरशी शास्त्राला जुनी माहीत आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. म्हणजे मूळ कल्पना निघेल का, ही शंका मोठी नाही.

मोठी शंका दुसरीच आहे, आणि इथे मला एक अमेरिकन गोष्ट सांगू द्या, कारण गुंतवणूकदार कसा विचार करतो हे तिच्यातून कळते. १९७६ साली रॉबर्ट स्वॉन्सन या नोकरी सुटलेल्या तरुणाने हर्बर्ट बोयर या प्राध्यापकाला गाठून दहा मिनिटे मागितली. दोघे तीन तास बोलत बसले आणि त्यातून जेनेंटेक ही बायोटेक कंपनी निघाली. प्रत्येकी पाचशे डॉलर घातले. टॉम पर्किन्स या गुंतवणूकदाराने एक लाख डॉलर द्यायचे कबूल केले, पण प्रयोगशाळा बांधायला हरकत घेतली. आधी जीवाणूकडून मानवी हार्मोन बनवून घेता येतो हेच सिद्ध करा, तेही दुसऱ्यांच्या तयार प्रयोगशाळांत पैसे देऊन, असा त्यांचा आग्रह. स्वॉन्सन आणि बोयर यांनी आधी सोमॅटोस्टॅटिन हा छोटा हार्मोन निवडला, १९७७ मध्ये तो जमला. मग १९७८ मध्ये इन्सुलिन, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून बाजारात. सगळ्यात मोठी शंका कोणती ते शोधायचे, ती कमीत कमी पैशांत फेडायची आणि मगच पुढचा पैसा ओतायचा. चांगला गुंतवणूकदार आजही हेच विचारतो.

तिच्या औषधाबाबत ती शंका कुठली? मे महिन्यात तासगावच्या कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखाली सहा महिने पडलेल्या पुडीतले बीजाणू जिवंत राहतील का? प्रयोगशाळेत कापसाचे बूच लावलेल्या फ्लास्कमध्ये बुरशी छान वाढते. शंभर लिटरच्या टाकीत फेस येतो, हवा पुरत नाही, एका सैल सीलमधून भलताच जीवाणू शिरतो आणि दोन दिवसांत सगळी बॅच आंबट वास मारू लागते. ती ओतून द्यावी लागते. जमलेला माल वाळवून पुडीत भरला की बीजाणू मरायला लागतात. यातले काहीही पुस्तक वाचून हाताला येत नाही. पुढे १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे नोंदणी, त्यासाठी शेतातल्या चाचण्या, विषारीपणाच्या चाचण्या, टिकाऊपणाची माहिती. बारा लाखांपैकी मोठा भाग या कागदांतच जाईल आणि विक्रीच्या आधी संपेल. हे मी घाबरवायला लिहीत नाही, हिशोब तुमच्यासमोर असावा म्हणून लिहितो.

मामांचा सल्ला थोडक्यात निपटतो. नोकऱ्या नाहीत हे अर्धेच खरे आहे. नुसत्या बी.एस्सी.वर बऱ्याचदा क्वालिटी कंट्रोलमधली तीच ती तपासणी वाट्याला येते आणि पगार निराश करतो. एम.एस्सी. आणि फरमेंटेशनचा किंवा शुद्धीकरणाचा हात बसलेल्या मुलांना पुणे, हैदराबाद, बंगळुरू, अंबरनाथ पट्ट्यात काम मिळते. गुंतवणुकीच्या क्षेत्रात बायोटेकचे प्रस्ताव तपासणारी माणसे बहुधा डॉक्टर, पीएच.डी. किंवा औषध कंपनीत दहा-पंधरा वर्षे काढलेली असतात. तो रस्ता तिच्यासाठी पुढे खुला राहील. आत्ता नुसते एमबीए करून तिथे पोचणे कठीण.

आता तुमच्या परवानगीने दोन परिच्छेद लेकीसाठी.

बाळ, तुला दोन माणसे वाचायला सांगतो. पहिल्या पुण्याच्या मायलॅब या चाचणी-किट बनवणाऱ्या कंपनीतल्या विषाणुतज्ज्ञ मीनल डाखवे-भोसले. २०२० मध्ये त्यांच्या दहा जणांच्या गटाने कोरोनाचे पहिले देशी चाचणी किट सहा आठवड्यांत तयार केले. १८ मार्चला किट राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासणीला दिले, तेव्हा त्यांचे बाळंतपण अगदी तोंडावर आले होते. एकाच नमुन्याच्या दहा चाचण्या केल्या तर दहाही निकाल सारखे आले पाहिजेत, हा त्यांचा निकष. सहा आठवडे वाचून हुरळू नकोस. ती कंपनी आधीपासून एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची किट बनवत होती, म्हणून सहा आठवडे पुरले. दुसरे आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार. जर्मनीत पीएच.डी., अमेरिकेत संशोधन, २०१३ मध्ये पवईला आले. रुग्णाच्याच पेशी बदलून रक्ताच्या कर्करोगावर उपचार करायची देशी कार-टी पद्धत त्यांनी टाटा मेमोरियलबरोबर विकसित केली. पहिला रुग्ण २०२१ मध्ये, मंजुरी ऑक्टोबर २०२३ मध्ये. दहा वर्षे. त्यांच्या इम्युनोॲक्ट कंपनीत त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी सहसंस्थापक झाले. म्हणजे कंपनीत शिरायची एक वाट चांगल्या प्रयोगशाळेच्या दारातूनही जाते.

तुझे हे वर्ष असे लाव. जॅमचा, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेचा, अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, परीक्षा फेब्रुवारीत. गॅट-बी ही बायोटेकची प्रवेशपरीक्षा त्यानंतर, तिच्यातून डीबीटीच्या (केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) अनुदानाचे एम.एस्सी. अभ्यासक्रम मिळतात आणि विद्यावेतनही. शिवाजी आणि पुणे विद्यापीठाच्या प्रवेशाकडेही लक्ष ठेव. शेवटच्या सत्राचा प्रकल्प भुरीवरच घे आणि मांजरीच्या केंद्राला मार्गदर्शन मागणारे पत्र लिही. बाबांच्या बागेत चार ओळी मागून घे, दोन फवारलेल्या, दोन न फवारलेल्या, आणि दर आठवड्याला पानांवरची भुरी मोजून वहीत लिही. या नोंदी नोंदणीला चालणार नाहीत, पण मुलाखतीत तुझ्यापुढे बसलेल्या माणसाला ती वही दाखव. शिवाय तालुक्यातल्या पाच कृषी सेवा केंद्रांत जा आणि विचार, विकलेले जैविक औषध शेतकरी परत कधी आणून देतो, काय तक्रार करतो.

दादा, पुन्हा तुमच्याकडे येतो. एम.एस्सी. आणि नोकरीची तीनेक वर्षे झाल्यावरही तिला कंपनीच काढायची असेल, तर पहिला पैसा सरकारचा घ्यावा. केंद्र सरकारच्या, बायोटेक उद्योगांना मदत करणाऱ्या बायरॅक संस्थेचे बिग नावाचे अनुदान पन्नास लाखांपर्यंत, साधारण दीड वर्षासाठी मिळते, अर्ज वर्षातून दोनदा मागवतात. ते कर्ज नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथे लागेल तेवढी जागा आणि यंत्रे भाड्याने मिळतात, म्हणजे पर्किन्सनी सांगितले तसे स्वतःची प्रयोगशाळा न बांधता काम करता येते.

सरकारी विद्यापीठात एम.एस्सी.ची फी तुमच्या बारा लाखांच्या जवळपासही जाणार नाही. फी आणि दोन वर्षांची पुण्या-मुंबईतली राहण्याची सोय एवढे वेगळे काढा, बाकी रक्कम मुलीच्या नावाने ठेवीत राहू द्या. आणि बँकवाला कितीही आग्रह करो, कंपनीच्या नावाने बाग तारण ठेवू नका. ती चार एकर तिला कर्जापेक्षा चाचणीचे शेत म्हणून जास्त उपयोगी पडणार आहे.