कॅरेक्टर क्लासचा कंस नेमका कुठे मिटतो?

रेजेक्समध्ये (मजकूर शोधायच्या पॅटर्नच्या भाषेत) कॅरेक्टर क्लास म्हणजे चौकोनी कंसातला अक्षरांचा संच; त्यातलं कुठलंही एक अक्षर जुळलं की पुरे. प्रश्न थोडक्यात असा: `[]0-9]` हा पॅटर्न ग्रेप या शोध-कमांडमध्ये `]` आणि अंक बरोबर पकडतो, पण जावास्क्रिप्टमध्ये काहीच सापडत नाही आणि एररही येत नाही. हा बग आहे का?

नाही. दोन्ही इंजिनं (पॅटर्न वाचून शोध घेणारे प्रोग्रॅम) आपापल्या नियमाला धरून आहेत. क्लासच्या आतलं व्याकरण बाहेरच्या रेजेक्सपेक्षा वेगळं असतं, आणि क्लास कुठे संपतो यावरच इंजिनांचं एकमत नाही.

पॉझिक्सच्या (ग्रेप पाळतो त्या युनिक्स मानकाच्या) नियमानुसार उघडत्या कंसाला लागून (किंवा `[^` नंतर लगेच) आलेला `]` हा साधं अक्षर असतो. पर्ल आणि पायथननेही हे पाळलं. जावास्क्रिप्टच्या व्याकरणात मात्र क्लास रिकामा असू शकतो. त्यामुळे `[]` तिथेच मिटतो, म्हणजे 'कुठलंच अक्षर नाही', आणि पुढचं `0-9]` हा नुसता मजकूर उरतो. असा पॅटर्न कधीच जुळणार नाही. `[^]0-9]` त्याहून घातक आहे: जावास्क्रिप्टमध्ये `[^]` म्हणजे कुठलंही अक्षर, अगदी नवी ओळसुद्धा, त्यामुळे चुकीचं काहीतरी जुळूनही जाईल.

मग `[\]0-9]` लिहावं, असं वाटेल. जावास्क्रिप्ट, पर्ल, पायथन, जावा इथे ते चालतं, आणि तिथे मी नेहमी असंच लिहितो. पण पॉझिक्सच्या क्लासमध्ये बॅकस्लॅशला काही विशेष अर्थच नाही. ग्रेप `[\]` इथे क्लास मिटवतो आणि त्यापुढे `0-9]` हा मजकूर शोधतो. दोन्हीकडे एकच पॅटर्न हवा असेल तर `]` क्लासच्या बाहेर काढा: `(]|[0-9])`. ग्रेपला त्यासाठी विस्तारित पद्धत सांगावी लागते. जावास्क्रिप्टच्या युनिकोड मोडमध्ये एकटा `]` चालत नाही, तिथे `\]` लिहा.

क्लासमधल्या क्लासचीही हीच गत. '५ सोडून बाकी अंक' हे डॉट नेटमध्ये `[0-9-[5]]`, जावात `[[0-9]&&[^5]]`, तर २०२४च्या मानकातल्या व्ही फ्लॅगसह (पॅटर्नला `v` हा पर्याय जोडून) जावास्क्रिप्टमध्ये `[[0-9]--[5]]`. डॉट नेटचा पॅटर्न पायथनला दिलात तर तो पहिल्या `]` लाच क्लास मिटवतो आणि त्यानंतर आणखी एक `]` शोधत बसतो, तोही एररविना. जावाच्या पॅटर्नवर पायथन ३.७पासून निदान इशारा देतो. हायफन अक्षर म्हणून हवाच असेल तर क्लासच्या शेवटी ठेवा, फक्त व्ही फ्लॅगमध्ये तिथेही एस्केप (आधी बॅकस्लॅश) लागतो.

कुठल्याही इंजिनात खात्री करायची तर `[]0-9]` किंवा `[\]0-9]` या पॅटर्नला `\0-9]` हा मजकूर द्या आणि पहिला मॅच पाहा. `0` एकटा आला तर क्लास नीट वाचला गेला. अख्खा मजकूर आला तर कंस आधीच मिटला. काहीच आलं नाही तर क्लास रिकामा धरला गेलाय.