एसटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) डायजेस्टर (गाळ कुजवून गॅस काढायची बंद टाकी) आंबलाय, पीएच ६.६ वर आलाय, चुना टाकू का?

नका टाकू, निदान आज तरी. आधी फीड, म्हणजे रोज आत सोडायचा गाळ, बंद करा. मी बारा वर्षं एसटीपीच्या लॅबमध्ये आहे आणि चुन्याची घाई मीही केलेली आहे, म्हणून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की गॅस आठवडाभर कमी होत होता, फ्लेअर (जादा गॅस जाळायची ज्योत) सारखा विझत होता, पण पीएच ७.१ होता म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. गोची तिथेच आहे. आत दोन जातीचे जंतू असतात, एक आम्ल बनवणारे, ते भराभर वाढतात, आणि दुसरे ते आम्ल खाऊन मिथेन करणारे, ते एकदम निवांत, त्यांची संख्या दुप्पट व्हायलाच काही दिवस जातात. आम्ल साचायला लागलं तरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ते झेलत राहते, पीएच जागचा हलत नाही, आणि अल्कलिनिटी संपली की धाडकन पडतो. नुसत्या पीएचवर डायजेस्टर चालवणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

रोज बघायचा आकडा व्हीएफए (म्हणजे तीच साचणारी आम्लं) भागिले अल्कलिनिटी. ०.१ ते ०.२५ असेल तर चहा घ्या, ०.३ च्या पुढे चढायला लागला की फीड कमी करा, ०.५ ला बंदच, ०.८ च्या आसपास पीएच पडतोच. टेस्टला महागडं काही लागत नाही, गाळ नीट गाळून २० मिली पाणी घ्या, ०.१ नॉर्मल सल्फ्युरिकने आधी पीएच ५.० पर्यंत आणि मग ४.४ पर्यंत टायट्रेट करा, फक्त पीएच मीटर धड कॅलिब्रेट केलेला पाहिजे (आमचा दोन महिने चुकीचा दाखवत होता, असो). एका आकड्याने घाबरू नका, तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघा.

आमच्याकडे एकदा गणपतीत घोळ झाला होता. सुट्ट्या, शिफ्टला एकच माणूस, त्याने तीन दिवस प्रायमरीचा गाळ क्लॅरिफायरमध्येच (गाळ खाली बसवायच्या पहिल्या टाकीत) राहू दिला आणि चौथ्या दिवशी सकाळी पंप लावून सगळा एका दमात डायजेस्टरमध्ये ढकलला. लॉगबुकात आठवड्याची बेरीज एकदम बरोबर! संध्याकाळी फेस गॅसच्या लाइनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी गुणोत्तर ०.२ वरून ०.४५. म्हणून सांगतो, रोजचा फीड सहा-आठ वेळा विभागून द्या, रात्रपाळीलासुद्धा.

दुसरी गोष्ट तुमच्या थिकनरची (डायजेस्टरआधी गाळ घट्ट करायच्या टाकीची). पावसाळ्यात गाळ पातळ येतो आणि कोणी त्यातल्या घन मालाचा टक्का मोजत नाही. समजा डायजेस्टर १००० घनमीटरचा आहे आणि ४ टक्क्यांचा गाळ रोज ५० घनमीटर जातोय, म्हणजे २० दिवस मुक्काम. तोच गाळ २ टक्क्यांचा झाला की तेवढ्याच मालासाठी १०० घनमीटर ढकलावे लागतात आणि मुक्काम १० दिवसांवर येतो, मिथेनवाले वाढायच्या आधीच वाहून जातात. वर ते सगळं पाणी तापवायचा खर्च वेगळा. तळाशी वाळू साचली असेल तर खरं आकारमान १००० सुद्धा नसतं.

आता चुना. तो कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनतो, थर पाइपात आणि तळाला बसतो, आणि जास्त पडला तर वरच्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइडही ओढला जाऊन आत व्हॅक्यूम होतो, त्यात डोमचं नुकसान होऊ शकतं. त्यापेक्षा सोडियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून रिसर्क्युलेशनमधून (गाळ परत आत फिरवणाऱ्या लाइनमधून) थोडं थोडं सोडा. महाग पडतं, साहेब कुरकुर करतील, करू द्या. पण पोट बिघडल्यावर पहिला उपाय लंघनच, बायकार्बोनेट नंतर.

मिक्सर चालू ठेवा, तापमान ३५ ते ३७ मध्ये ठेवा आणि दिवसात एका डिग्रीपेक्षा जास्त हलू देऊ नका. शेजारचा डायजेस्टर चांगला चालत असेल तर त्यातला गाळ विरजणासारखा आणून घाला. गुणोत्तर ०.३ च्या खाली आलं की नेहमीच्या पाव फीडपासून सुरू करा, दोन-तीन दिवस रीडिंग बघून मगच वाढवा.

आणि फ्लेअर विझलेला असताना फेस बघायला कोणाला एकट्याला डोमवर पाठवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की त्याचा वास येणंच बंद होतं, गॅस डिटेक्टर लावल्याशिवाय तिथे जायचंच नाही.