बीकॉमचा तक्ता हातात आला, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायचा थांबत नाही. बावीस वर्षं अकाउंट्स शिकवतेय, त्यामुळे ओळखीपाळखीतलं प्रत्येक बीकॉमचं ॲडमिशन एकदा तरी माझ्या दारावरून जातं. यावेळी प्रश्न खूप आले म्हणून जे सगळ्यांच्या कामाचे आहेत ते घेतलेत.

प्रश्न: मुलीला बीकॉमला ॲडमिशन मिळालं. कॉलेजने एक तक्ता दिलाय त्यात मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस असं काय काय आहे. आमच्या वेळी नुसते सात पेपर असायचे. हे नक्की काय आहे आणि यात अकाउंट्स कुठे गेलं? (एक आई, भांडुप)

ताई, गोंधळ होणारच. आपल्या वेळी एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, अकाउंट्स, कॉमर्स, इकॉनॉमिक्स, मॅथ्स-स्टॅट्स, बिझनेस कम्युनिकेशन, ईव्हीएस आणि फाउंडेशन कोर्स असे सात विषय सगळ्या वर्गाला सारखेच, कोणाला काही निवडायचंच नसायचं. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची रचना आली आणि सगळा हिशोब क्रेडिटवर गेला. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं शिकवणं, एका सेमला, म्हणजे सहा महिन्यांच्या सत्राला, २२ क्रेडिट, सहा सेमचे मिळून १३२. ते झाले की डिग्री.

अकाउंट्स कुठेही गेलेलं नाही, ते मेजरमध्ये आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय, अकाउंटन्सी किंवा कॉमर्स, कॉलेज जे देत असेल ते. पहिल्या सेमला मेजरचे क्रेडिट साधारण ६ असतात आणि ते वर्षागणिक वाढत जातात, म्हणून एफवायला "एवढंच अकाउंट्स?" असं वाटतं. मायनर म्हणजे जोडविषय. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो आपल्या शाखेच्या बाहेरचाच घ्यायचा असतो, म्हणजे कॉमर्सच्या मुलीने आर्ट्स किंवा सायन्सकडचा काहीतरी. व्हीएससी आणि एसईसी हे हाताला काम शिकवणारे विषय, बऱ्याच ठिकाणी एक्सेल, टॅली, जीएसटी असं काहीतरी असतं. एईसी म्हणजे भाषा, व्हीईसीमध्ये पर्यावरण, संविधान असे विषय, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानपरंपरा आणि सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक वगैरे. पुढच्या वर्षांत फील्ड प्रोजेक्ट, समाजात जाऊन करायचा प्रोजेक्ट आणि शेवटी सहाव्या सेमला ४ क्रेडिटची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कुठेतरी जाऊन काम.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. या तक्त्यात काही चौकोन कॉलेज भरतं आणि काही तुमच्या मुलीने भरायचे असतात, आणि मुलं नेमके तेच चौकोन मैत्रिणीने काय टाकलं ते बघून भरतात. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली होती, आकड्यांत खूप हुशार, पण ऑप्शनचा फॉर्म मोबाईलवर लोकलमध्ये उभ्याउभ्या भरला, ग्रुपवर सगळ्यांनी जे टाकलं तेच हिनेही टाकलं आणि मग सेमभर नको असलेला विषय घेऊन बसली. तिला स्टॅटिस्टिक्सचा ओई मिळू शकत होता, तिच्याच कॉलेजात होता. म्हणून फॉर्म घरी बसून भरा, आणि मायनर निवडताना तर नक्कीच दोन दिवस घ्या कारण तो पुढेपर्यंत सोबत राहतो.

प्रश्न: माझं बारावीपर्यंत मराठी मीडियम. बीकेमध्ये (बुक-कीपिंग) मला ८४ होते पण एफवायच्या पहिल्या आठवड्यातच सर जे बोलतात ते अर्धं डोक्यावरून जातंय. बीकॉम सोडावं का? (विद्यार्थी, लालबाग)

अजिबात सोडू नकोस! बीकेला ८४ आणणाऱ्या मुलाला अकाउंट्स येतं, त्याला फक्त शब्द बदललेत. रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ऋणको म्हणजे डेटर, धनको म्हणजे क्रेडिटर. असे साठ-सत्तर शब्द आहेत, त्यापलीकडे नाहीत. एका वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने करून लिही, रोज पाच.

तुझ्या लालबागचंच उदाहरण घे. मिरची गल्लीतल्या दुकानदाराने १०,००० रुपयांची मिरची उधारीवर घेतली. बारावीत तू लिहिलं असतंस, खरेदी खाते नावे, व्यापाऱ्याचे खाते जमा, कारण लाभ देणाऱ्याचे खाते जमा. इथे लिहायचं पर्चेसेस अकाउंट डेबिट, टू अमुक ट्रेडर्स. मिरची तीच, उधारी तीच आणि बाजूही तीच.

आणि अजून एक गोष्ट जी मी वर्गात पहिल्याच महिन्यात फळ्यावर करून दाखवते. तेरीज जुळली नाही की मुलं घाबरून सगळं पहिल्यापासून परत बेरीज करायला बसतात. आधी फरक बघायचा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातोय? मग बहुतेक कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीय, ५,४०० चे ४,५०० लिहिले की फरक ९०० येतो आणि ९०० ला ९ ने भाग जातो. नसेल जात तर फरकाचा अर्धा कर आणि तो आकडा शोध, कारण ३५० ची रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक दुप्पट म्हणजे ७०० येतो. हे कुठल्या मीडियममध्ये लिहिलं होतं याने काही फरक पडतो का सांग? हे ज्याला कळलं त्याला अकाउंट्स कळलं.

बिझनेस कम्युनिकेशन मात्र खरंच जड जाईल, तिथे मदत माग, लाजू नकोस. पत्र आणि ईमेलचे नमुने हाताने लिहून काढ आणि वर्गात समजलं नाही तर त्याच दिवशी स्टाफरूममध्ये जा. मराठीतून उत्तरं लिहिता येणारे विषय कोणते हे तुझ्या कॉलेजच्या परीक्षा विभागात आत्ताच विचारून ठेव, पण टीवायपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत, इंग्लिशवर यायचं असं ठरवूनच चाल कारण नोकरीच्या जागी व्हाउचर इंग्लिशमध्येच असतं.

प्रश्न: साधं बीकॉम आता कोण करतं असं सगळे म्हणतात. बीएएफ, बीएमएस बरं ना? फी जास्त आहे पण कर्ज काढू. (वडील, कांदिवली)

दादा, कर्ज काढायच्या आधी थोडं ऐका. मुंबईत १९१३ पासून सिडनहॅममध्ये कॉमर्स शिकवतायत, माटुंग्याचं पोदार १९४१ चं, आणि या शहरातल्या कितीतरी सीए, बँक मॅनेजर आणि टॅक्सवाल्यांनी "साधं" बीकॉमच केलेलं आहे. बीएएफ म्हणजे अकाउंटिंग ॲण्ड फायनान्सचं बीकॉम, त्यात कॉस्टिंग, टॅक्स, ऑडिट आधीपासून आणि जास्त खोल येतं, वर्ग लहान असतो, प्रोजेक्ट-प्रेझेंटेशन जास्त आणि हजेरीही कडक. बीएमएस मॅनेजमेंटकडे जातं. बहुतेक ठिकाणी हे सेल्फ फायनान्स, म्हणजे सरकारी अनुदान नसलेले कोर्स आहेत म्हणून फी जास्त. २०२४ पासून बीएमएस, बीबीएसाठी राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा आली, आणि मग बऱ्याच कॉलेजांनी त्याच कोर्सला बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज असं नाव दिलं, त्यामुळे माहितीपत्रकात नाव काय आहे ते बारकाईने वाचा.

माझं मत विचाराल तर मुलाला स्वतःहून अभ्यास करायची सवय असेल आणि सीए, सीएस, स्पर्धा परीक्षा असं काही सोबत करायचं असेल तर रेग्युलर बीकॉम उत्तम, कारण त्यात वेळ मिळतो. पण तो वेळ रिकामा गेला तर साध्या बीकॉमचं खरंच काही राहत नाही, हेही मी बघितलंय. मुलाला रोज कोणीतरी कामाला लावणं गरजेचं असेल तर बीएएफचा पैसा वसूल होतो. ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

प्रश्न: बीकॉम करता करता सीए जमतं का? आर्टिकलशिप आणि कॉलेज एकत्र कसं? (विद्यार्थिनी, गिरगाव)

जमतं, आपल्याकडे निम्मी मुंबई तसंच करते. सीएची पहिली परीक्षा फाउंडेशन, तिला चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. मग इंटर, दोन ग्रुप मिळून सहा पेपर. ते दोन्ही ग्रुप आणि सीएच्या संस्थेचं (आयसीएआय) ट्रेनिंग झालं की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम करत शिकणं, जी २०२३ च्या नव्या स्कीममध्ये तीनवरून दोन वर्षांवर आली. आर्टिकलशिप चालू असताना कॉलेज करायचं तर संस्थेची परवानगी लागते, फॉर्म ११२ भरायचा आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेच्या आड येता कामा नये. म्हणूनच सकाळी सातची लेक्चर्स असलेली कॉलेजं या मुलांना सोयीची पडतात, सातचं लेक्चर आणि अकराला फोर्टातलं ऑफिस असं गणित जुळतं.

फाउंडेशन राहूनच गेलं तरी दार बंद होत नाही, बीकॉमला ५५ टक्के असतील तर डायरेक्ट इंटरला बसता येतं. फक्त एक, टीवायची परीक्षा आणि इंटरचा अटेम्प्ट एकाच महिन्यात येऊ देऊ नकोस. ती ओढाताण मी मुलांच्या चेहऱ्यावर बघितलीय.

प्रश्न: आता डिग्री चार वर्षांची झाली म्हणे, मग तीन वर्षांवर बँकेच्या परीक्षा, एमपीएससी देता येणार नाही का? (भायखळा)

येणार. तीन वर्षं, १३२ क्रेडिट, पूर्ण पदवी. चौथं वर्ष ऑनर्सचं, १७६ क्रेडिटचं आणि ऐच्छिक आहे. ते केलं तर पुढे एमकॉम एका वर्षात होतं, नाहीतर नेहमीसारखं दोन वर्षांत.

प्रश्न: मॅडम, २०२४ ला एफवायला ॲडमिशन घेतलं, एसवाय झालं, सगळे पेपर क्लिअर आहेत. वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला आणि मी आता एका दुकानात पूर्णवेळ कामाला लागलोय. दोन वर्षं फुकट गेली का? (चेंबूर)

बाळा, फुकट काहीच गेलेलं नाही. तुझे दोन वर्षांचे ८८ क्रेडिट आहेत आणि ते तुझेच राहणार. पहिली गोष्ट, तुझं ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघड आणि चारही सेमचे क्रेडिट तिथे जमा झालेत का बघ, नसतील तर कॉलेजच्या ऑफिसला अर्ज दे आणि पोच घे.

या टप्प्यावर बाहेर पडणाऱ्याला यूजी डिप्लोमा मिळू शकतो, त्यासाठी जास्तीचे ४ क्रेडिट करावे लागतात, कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप. तू दुकानात जे काम करतोयस त्यातलं काही यात धरता येईल का ते विभागप्रमुखांना भेटून विचार, फोनवर नको, समोर जाऊन. असं बाहेर पडलं की तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची असते, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे.

दुसरा रस्ता कलिन्याचा. विद्यापीठाचं दूरशिक्षण, जे आधी आयडॉल होतं आणि आता सीडीओई म्हणतात, ते १९७१ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीच चालू आहे. तुझे क्रेडिट घेऊन तिथे टीवायला थेट प्रवेश मिळतो का हे तिथल्या खिडकीवर जाऊन विचार. जाताना चारही मार्कशीट आणि त्यांच्या झेरॉक्स ने. दुकानाची सुट्टी ज्या वारी असेल त्या वारी ऑफिस चालू आहे ना ते आधी बघ. आणि तिथे काय सांगितलं ते मला कळव, अर्ज लिहायचा असेल तर आपण दोघं मिळून लिहू.