फोन मी करणार नाही, खिडकीवर तू जा

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. मस्कतचं घर, इथलं पुण्याचं हॉस्टेल, मेसची पाण्यासारखी आमटी, मुलं "एनआरआय" म्हणून हाक मारतात ते, सगळं आलंय त्यात, आणि सगळ्यात शेवटी हळूच एक ओळ, मावशी तुम्ही आमच्या विभागप्रमुखांना, एचओडींना, ओळखता ना, एक फोन कराल का. ओळखते की. आमच्याच डिपार्टमेंटला लागले ते, माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. फोन करणार नाही.

आता फुगून बसू नकोस, पुढे वाच. तुझ्या आईनेही काल हेच मागितलं, "ताई, तुमच्या एका शब्दाचं काम आहे." तुझी आई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण, मिरजेला अर्धं लहानपण तिने आमच्याच स्वयंपाकघरात काढलंय, तिला नाही म्हणताना मला काय वाटलं असेल ते तुला नाही कळायचं. पण तिलाही नाहीच म्हटलं.

आधी ती डिटेन लिस्ट, हजेरी कमी म्हणून ज्यांना परीक्षेला बसू देत नाहीत त्यांची यादी. तुझा अटेंडन्स ६१ टक्के, लागतो ७५. "मी ना इथला ना तिथला" असं तू भलंमोठं लिहिलंयस, ते खरं असेल, मी खोटं म्हणत नाही, पण त्यामुळे कोणी डिटेन होत नाही रे. टक्के कुठे गेले ते मी सांगते. सहा महिन्यांच्या वर ओमानबाहेर राहिलं की रेसिडेन्स जातो, म्हणून दर टर्मला तुला एकदा तरी मस्कतला जाऊन यावं लागतं, ठीक आहे, त्याला इलाज नाही. पण तिकीट कधीचं काढायचं ते ठरवतात तुझे बाबा, तिकडे बसून, स्वस्त मिळेल त्या तारखेचं, आणि ती तारीख नेमकी सबमिशनच्या आठवड्यातली निघते, नाहीतर परतीचं तिकीट टर्म सुरू होऊन दहा दिवस झाल्यावरचं. त्यांनी कॉलेजचं अकॅडमिक कॅलेंडर कधी बघितलंय? तू पाठवलंस कधी? दुसरं म्हणजे शुक्रवार. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, तुझ्या अंगात ती इतकी मुरलीय की पहिलं वर्षभर शुक्रवारी तुला जागच यायची नाही, आणि तुमच्या बॅचचं प्रॅक्टिकल शुक्रवारी. हे तू मला हसत हसत सांगितलं होतंस गणपतीत. मी तेव्हाच बोलणार होते, पण पाहुणे होते.

तर हे असं आहे, आयडेंटिटीचा प्रश्न रात्री दोन वाजता गच्चीवर बसून सोडवायला माझी ना नाही, पण गेलेले चौदा टक्के गच्चीवर मिळायचे नाहीत.

इतकी वर्षं बाहेर वाढलेली मुलं शिकवल्यावर माझं एक मत झालंय, स्टाफरूममध्ये सगळे हसायचे त्याला. अमेरिकेतून आलेल्या मुलांपेक्षा गल्फमधून आलेल्यांना इथे रुळायला जास्त वेळ लागतो आणि त्याचं कारण घड्याळ आहे. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, बास. इथे क्लार्कने "उद्या या" म्हटलं की तू जिन्यातूनच बाबांना फोन लावतोस, ते ऑफिसमधून डोंबिवलीच्या काकांना लावतात, काका पुण्यात कुणाला तरी लावतात, आणि संध्याकाळी माझ्या व्हॉट्सॅपवर तुझी मार्कशीट येऊन पडते. न्यू जर्सीच्या पोराला ही सोयच नसते, इथे दुपारचे बारा म्हणजे तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, बापाला झोपेतून उठवायचं तर कारणही तसंच पाहिजे, मग ते पोरगं झक मारत स्वतःच परत ऑफिसच्या खिडकीवर जातं. तोडकंमोडकं बोलतं, चिडतं, रडकुंडीला येतं, पण जातं. सहा महिन्यांत त्याला शिपाईकाका नावाने ओळखतात, आणि तुला सेकंड इयरला पण तुझ्याच कॉलेजात कोणी ओळखत नाही.

म्हणून एकच सांगते आणि या पत्रात परत परत तेच सांगणार आहे, कंटाळलास तरी चालेल. खिडकीवर तू स्वतः जा.

तू लिहिलंयस ईमेलला उत्तर येत नाही, पोर्टलवर दिसतं एक आणि ऑफिसात सांगतात दुसरं. बरोबर आहे. यावर माझ्याशी वाद घालायच्या तयारीत असशील तर वाद होणारच नाही, माझी आख्खी नोकरी त्या ऑफिसशी भांडण्यात गेली. पण सिस्टिम बेकार आहे हे कळणं आणि त्याच सिस्टिममधून आपला कागद पुढे सरकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली सगळ्यांनाच जमते.

कसं जायचं ते ऐक. ऑफिस साडेदहाला उघडतं पण अकराच्या आत कुणाला काही विचारू नकोस, आणि जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर तर अजिबात जाऊ नकोस. मोबाइलमधला स्क्रीनशॉट काचेला लावून दाखवायचा नाही, प्रिंट न्यायची. अर्ज आधी लिहून न्यायचा, तिथल्या बाकावर बसून नाही. प्रति, माननीय प्राचार्य, विषय, खाली नाव, वर्ष, डिव्हिजन, रोल नंबर, तारीख, सही. इंग्रजीत लिहिलास तरी चालतो. सोबत पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांची झेरॉक्स जोड, डॉक्टरचं खोटं सर्टिफिकेट जोडायचं डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाक, मित्रांनी सुचवलंच असणार. दोन प्रती करायच्या. एक त्यांना द्यायची आणि दुसरीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज ऑफिसात आल्याच्या नोंदीचा, शिक्का आणि नंबर मारून घ्यायचा, तो हातात पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, मागचा कितीही ढकलू दे. नंबर असेल तर तुझा अर्ज आहे. नसेल तर तू अर्ज केलाच नाहीस, मग हजार ईमेल कर.

आणि बोलायचं मराठीत. घरी बोलतोस ना, तेच. आत शिरल्या शिरल्या तुझं ते भरभर इंग्रजी सुरू झालं की समोरचा माणूस अंग आक्रसून घेतो, त्याला वाटतं हा आपली परीक्षा घ्यायला आलाय, आणि मग तो तुझी घेतो. तुला वाटतं तुझ्या मराठीला मुलं हसतात. हसू देत की. क्लार्क हसला तर उत्तमच, हसलेला क्लार्क काम करतो.

तुझ्या खोलीत तो परभणीचा मुलगा आहे ना, ज्याच्याबद्दल तू दोन महिन्यांत "रूममेट ओके आहे" एवढंच सांगितलंस. त्याला विचार. त्याच्या वडिलांनी कॉलेज बघितलेलं नाही, त्यांना फोन करून उपयोग नाही हे त्याला पहिल्या दिवशीच माहीत होतं, त्यामुळे स्कॉलरशिपचा फॉर्म, बसच्या पासासाठी बोनाफाइड, मेसचे खाडे कापून घेणं, सगळं त्याने एकट्याने केलंय. तोही पुण्यात तुझ्याइतकाच नवा होता, उलट तुझ्यापेक्षा कमी पुणं बघितलेलं. आता सांग, मी तुझ्यासाठी एचओडींना फोन केला तर त्याच्यासाठी कोण करणार? त्याला मावशी नाही म्हणून त्याने रांगेत उभं राहायचं आणि तू ओळखीने आत जायचं, हे तुला तरी पटतं का? नाही पटणार, तेवढं मी तुला ओळखते. म्हणूनच यावर जास्त लिहीत नाही.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी नुकतीच शिकवायला लागले होते. एअर इंडियाने मुख्यतः अम्मानमार्गे लाखाहून जास्त आपली माणसं परत आणली, त्यातलीच दोन-तीन मुलं आमच्याकडे आली. मार्कशीट कुवेतमध्ये राहिलेल्या, वडिलांची नोकरी गेलेली, जवळचे कुवेती दिनार कोणी बदलून देईना. ती पोरं एलिजिबिलिटीसाठी, म्हणजे प्रवेशाला पात्र ठरवून घ्यायला, युनिव्हर्सिटीत खेपा घालायची, कारण त्यांच्या बापांनाच तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. तुला सांगते, त्या बॅचला इथे सगळ्यात लवकर रुळलेली मुलं तीच. तू म्हणशील मावशी, म्हणजे युद्ध व्हायला पाहिजे होतं का? नाही रे बाबा. बापाचा फोन लागत नव्हता, एवढंच म्हणतेय.

आणि उलटंही बघितलंय. एकाचं सगळं मी केलं. हुशार होता, लाघवी होता, प्रत्येक वेळी "मॅडम शेवटचं" म्हणायचा आणि मी उठून ऑफिसात जायचे. परवा त्याचा मेसेज आला, दुबईत मॅनेजर आहे आता, मॅडम डिग्री सर्टिफिकेट घ्यायचं राहिलंय, तुम्ही कुणाला तरी पाठवाल का. मॅनेजर!

एकाचं मात्र नाही केलं. शारजाहून आलेला, तुझ्यासारखाच गप्प. त्यालाही हेच सांगितलं होतं, खिडकीवर स्वतः जा. तो नाही गेला. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे परीक्षेला बसू दिलं नाही, वर्ष गेलं आणि मुलगा परत गेला, पुढे तिकडेच कुठेतरी शिकला म्हणे. त्याच्या वडिलांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. एका सहीचं काम होतं, ती सही मी आणू शकले असते, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंच होतं. कधीकधी रात्री त्याचा चेहरा आठवतो. पण पुढच्या टर्मला दुसरी सही लागली असती, मग तिसरी, आणि मी काय त्याच्या नोकरीतही गेले असते का सही आणायला? तरी एक आहे, त्याला मी नुसतं "जा" म्हटलं होतं, कसं जायचं ते नव्हतं सांगितलं. तुला वर सगळं लिहिलंय ते उगाच नाही.

विमाननगरच्या फ्लॅटचं म्हणशील तर माझा विरोध आहे. सगळी गल्फची मुलं, एसी, स्वयंपाकाला बाई, आणि कॉलेजचं काय काम असेल ते करायला एजंट, आईने सांगितलं मला. तिथे तुला बरं वाटेल यात शंका नाही. पण इनवर्डचा शिक्का कुठे मिळतो ते त्या फ्लॅटमध्ये एकालाही माहीत नसणार. हॉस्टेल सोडायचंच असेल तर एंड-सेम, टर्मच्या शेवटची परीक्षा, झाल्यावर बघू.

आणि हे नुसतं रागावून लिहीत नाहीये. एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, टर्ममधल्या इन-सेम परीक्षेला ३० पैकी २२ पाडलेस तू, ते मी शिकवलेल्या विषयात, पेपर मागवून बघितला असता तर आणखी दोन मिळाले असते असं मला तुझ्या वहीवरून वाटतं. पास व्हायची काळजी तुझ्याबाबतीत मला कधीच नव्हती. पण ७० मार्कांच्या पेपरला बसू दिलं तर पास होशील ना!

बाहेर लागलेली पहिली लिस्ट बहुतेक वेळा प्रोव्हिजनल असते, फायनल लागेपर्यंत थोडे दिवस मिळतात. एक्स्ट्रा असाइनमेंट देतील, अंडरटेकिंग लिहून घेतील, त्यावर पालकांची सही मागतील. ती बाबांकडून मागवायचीच आहे, पण फोन अर्जाचा नंबर मिळाल्यावर करायचा, आधी नाही. एचओडींना भेटताना वही बरोबर ने, रडगाणं गाऊ नकोस, तिकिटांच्या तारखा चुकल्या एवढं सरळ सांग. पुढच्या तिकिटाची तारीख तूच ठरवणार हेही सांग, आणि खरंच ठरव. माझं नाव तिथे काढलंस तर मला कळेल.

रविवारी रात्री तुमची मेस बंद असते, जेवायला ये, परभणीवाल्यालाही आण, तो तिखट खातो का विचारून ठेव. आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन ये, फोटो पाठवू नकोस, कागद बघायचाय मला.