फायर डोअरला बाहेरून कुलूप लावण्याआधी आमचं काय झालं ते वाचा

"वसतिगृहाच्या मागच्या जिन्याच्या फायर डोअरमधून मुलं रात्री बाहेर पडतात, बाहेरून दणकट कुलूप कोणतं लावू?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझेच जुने दिवस आठवले. मीही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मुलांचं वसतिगृह सांभाळतो. मी इंजिनिअर नाही, शेवटचा शब्द परवानाधारक एजन्सीचा आणि अग्निशमन अधिकाऱ्याचा. पण बाहेरून कुलूप कोणतंच लावू नका, एवढं मी ठामपणे सांगतो. फायर डोअर म्हणजे आग आणि धूर ठरावीक वेळ अडवणारं, पण आतल्या माणसांना बाहेर पडू देणारं दार.

आमची मोठी चूक म्हणजे दार घेतलं, पण त्याचं कुलूप सोबत घेतलं नाही. दार २८,००० रुपयांचं, कुलूप-हँडलचा सेट ४,५०० रुपयांचा. संस्थेत ठरलं, कुलूप तालुक्याला स्वस्त मिळते. मिळालं, ९०० रुपयांत. त्याची पेटी मोठी, म्हणून वेल्डिंगवाल्याने ग्राइंडरने दाराची खाच वाढवली. आतलं भरण बाहेर आलं. दोन तास आग अडवणारं दार तिथेच संपलं, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग लॅचची जीभ चौकटीत बसेना, दार वाऱ्याने आपटायचं. शेवटी अधीक्षकांनी बाहेरून कडी-कोयंडा ठोकून घेतला, 'सध्यापुरता'. तो दोन वर्षं राहिला.

मे महिन्यात एका रात्री कूलरची मोटर जळली. टाकीतलं पाणी संपलेलं, ताट्यांचं गवत कोरडं. आग लहानच, पण हॉलभर धूर. ३१ मुलं मागच्या दाराकडे धावली. किल्ली अधीक्षकांच्या खिशात आणि अधीक्षक लग्नाला पुलगावला. मुलं धुरातूनच परत फिरून पुढच्या जिन्याने उतरली. सगळी वाचली, पण दोघांना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. एकाच्या आईने मला एवढंच विचारलं, "भाऊ, दाराले बाहेरून कुलूप काहून लावलं व्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुलूप कोणतं चालेल हे मी एका कार्यालयाला आधी तीनदा लेखी विचारलं होतं. दोनदा काहीच आलं नाही, तिसऱ्यांदा आलं, "नियमानुसार कार्यवाही करावी." कोणता नियम, ते नाही. जानेवारी-जुलैच्या फॉर्म बी साठी, म्हणजे आगीची यंत्रणा नीट आहे या सहामाही दाखल्यासाठी, एजन्सीकडून आलेल्या माणसानेही तो कोयंडा पाहिला आणि सही केली. याचा राग आजही जात नाही.

आता आमच्याकडे नवीन दार आहे. आतून पॅनिक बार, म्हणजे आडवी दांडी. ढकलली की दार उघडतं, किल्ली लागत नाही. बाहेरून हँडलच नाही, फक्त किल्लीचं सिलिंडर, त्यामुळे बाहेरचा माणूस आत येत नाही. मुलं बाहेर पडू नयेत म्हणून दांडीला घंटा जोडली आहे, दार उघडलं की अधीक्षकांच्या खोलीत वाजते. माझ्या मते तुमच्या त्रासावर हाच उपाय आहे.

दाराची आगीत टिकण्याची चाचणी ज्या कुलपासकट झाली तेच घ्या. बाजारातली चकचकीत हँडलं पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि चाचणीची भट्टी अर्ध्या तासात ८०० अंशांच्या वर जाते. दुसरं, डोअर क्लोजरने, म्हणजे दार आपोआप बंद करणाऱ्या वरच्या यंत्राने, दार ओढलं की लॅच आपोआप अडकलीच पाहिजे. नुसत्या किल्लीने फिरणाऱ्या बोल्टचं कुलूप नको, कारण आगीच्या दाबाने न अडकलेलं दार ढकललं जातं.

कोणी मॅग्नेटिक लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं कुलूप, सुचवेल. ते वीज गेली की सुटतं, आणि सुटायलाच हवं. आपल्याकडच्या भारनियमनात बॅटरी लावा, पण फायर अलार्म वाजल्यावर बॅटरी असतानाही ते सुटतं का हे समोर उभं राहून तपासा.

आणखी एक. उन्हाळ्यात कूलरची हवा खेळावी म्हणून पोरं या दाराला वीट लावून ठेवतात. दार उघडंच ठेवायचं असेल तर दार उघडं धरून ठेवणारा आणि अलार्म वाजला की सोडणारा चुंबक लावा, वीट नको. दार लाकडी असेल तर पावसाळ्यात फुगतं, तेव्हा लॅच बसते का ते जुलैत परत पाहा.

दाराच्या कडेला कंपनीचं लेबल असेल, त्याचा आणि कुलपाच्या खाचेचा फोटो टाका. खाच आधीच वाढवलेली असेल तर कुलपाचा खर्च थांबवा, आधी दार दाखवून घ्या. आणि कोयंडा लावला असेल तर तो आज रात्रीच काढा.