बाबांचं फॅटी लिव्हर आणि रेशीच्या कॅप्सूल: आधी बाटली फिरवून मागची बाजू वाचा

दादा, तुमचा प्रश्न काल रात्रीच वाचला होता पण फोनवर एवढं टाइप करायचं जिवावर आलं म्हणून आज दुपारी जेवण उरकून बसलेय. म्हणजे बाबा ६२ वर्षांचे, कोपरखैरण्यात राहतात, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय, रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली, म्हणजे एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, स्टेंट झालेला असल्यामुळे क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची गोळी) चालू, आणि बिल्डिंगमधल्या एका काकांनी रेशी आणि शिटाके मशरूमच्या एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूल आणून दिल्यात, महिन्याची बाटली ३,८०० रुपये, "इम्युनिटी पण वाढते आणि लिव्हर पण साफ होतं". वर तुम्ही विचारलंय की सेक्टरच्या गार्डनमध्ये गुलमोहराच्या बुंध्याला लाल चकचकीत मशरूम आलंय ते पण रेशीच का, मग फुकटच मिळेल :) त्याचं उत्तर शेवटी देते.

माझं सांगायचं तर मी डॉक्टर नाही. तुर्भे-महापे पट्ट्यात एमआयडीसीत २२ वर्षं क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्यात काढली, त्यातली शेवटची सात-आठ हर्बल एक्स्ट्रॅक्टमध्ये, त्यामुळे मशरूम पावडरचे ड्रम भरपूर उघडलेत आणि भरपूर परत पण पाठवलेत. आधी सरळ सांगते, बाबांना या कॅप्सूल आत्ता देऊ नका. मशरूम वाईट म्हणून नाही, तर या बाटलीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि बाबांचं लिव्हर कुठल्या स्टेजला आहे ते पण अजून माहीत नाही. दोन्ही माहीत नसताना मध्ये तिसरी गोष्ट घातली की मग पुढच्या रिपोर्टमध्ये काय कशामुळे झालं ते कोणालाच कळत नाही.

आता बाटली घ्या हातात. पुढची बाजू सोडून द्या, तिथे सोनेरी अक्षरं असतात. मागे बघा "पॉलिसॅकराइड्स ४०%" असं काहीतरी लिहिलेलं असेल. ऐकायला भारी वाटतं पण पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, तांदळाचं पीठ पण पॉलिसॅकराइडच की! मशरूममधली कामाची म्हणतात ती बीटा-ग्लुकन, आणि ती वेगळी मोजावी लागते. लॅबमध्ये स्वस्तातली पद्धत म्हणजे फिनॉल-सल्फ्युरिक, अॅसिड टाकलं की नारिंगी-पिवळा रंग येतो आणि ४९० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, पण ती पद्धत आंधळी आहे, मशरूम असो, स्टार्च असो की माल्टोडेक्सट्रिन (स्टार्च तोडून केलेली पावडर) असो, सगळ्याला सारखाच रंग. बीटा-ग्लुकनसाठी एन्झाइमवालं किट लागतं, ते महाग, म्हणून बरेच जण लेबलवर फक्त पॉलिसॅकराइड छापून मोकळे होतात.

आणि स्टार्च येतो कुठून, तर दोन ठिकाणांहून. एक म्हणजे पुष्कळ माल हा मशरूमचा नसतोच, तो मायसेलियमचा असतो, म्हणजे बुरशीचं पांढरं जाळं, जे तांदूळ नाहीतर ज्वारीवर पिशव्यांत वाढवतात आणि मग धान्यासकट वाळवून दळतात. धान्य वेगळं काढता येत नाही ना, ते सगळं गुंतलेलं असतं. दुसरं म्हणजे स्प्रे ड्राय करताना, म्हणजे अर्क गरम हवेत फवारून वाळवताना, पावडर मोकळी राहावी म्हणून माल्टोडेक्सट्रिन टाकतात, थोडं टाकणं चालतंच, पण थोडं म्हणजे किती ते लेबलवर नसतं.

घरच्या घरी बघायचं असेल तर दोन कॅप्सूल फोडून पावडर गरम पाण्यात ढवळा, पूर्ण थंड होऊ द्या आणि जखमेला लावायचं ब्राउन औषध असतं ना, बेटाडिन, त्याचे दोन थेंब टाका. शेजारी वाटीत बटाट्याची फोड ठेवा, तिच्यावरही थेंब टाका, म्हणजे निळा-काळा रंग कसा दिसतो ते कळेल. कॅप्सूलचं पाणी पण तसंच गडद झालं तर तुम्ही ३,८०० रुपयांचं पीठ घेतलंय. नाही झालं तर लगेच खूश होऊ नका, माल्टोडेक्सट्रिन या टेस्टमध्ये बऱ्याचदा सुटतं. अजून एक, पावडर जिभेवर ठेवून बघा. खरी रेशी कडू असते, कारल्याला लाजवेल अशी, कारण त्यातले ट्रायटर्पीन्स कडू. गोडूस लागली तर रेशीचं फक्त नाव आहे.

"१०:१ एक्स्ट्रॅक्ट" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की १० किलो कच्च्या मालापासून १ किलो पावडर काढली. कच्चा माल कसा होता हे त्यात येत नाही. मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची, झिंग्याच्या कवचात असतं तेच, म्हणून नुसतं दळून खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं, गरम पाण्यात तासन् तास उकळलं की बीटा-ग्लुकन सुटतं आणि ट्रायटर्पीन्ससाठी अल्कोहोल लागतं. "ड्युअल एक्स्ट्रॅक्ट" म्हणतात ते हे. आणि मशरूम जमिनीतलं, भुशातलं कॅडमियम, शिसं, आर्सेनिक पण ओढून घेतात, त्यामुळे काकांना बॅच नंबरसकट सीओए, म्हणजे त्या बॅचचा लॅबमधला तपासणी दाखला मागा, हेवी मेटल्सच्या आकड्यांसह. काका सीओए म्हणजे काय विचारतील. तिथेच विषय संपतो.

बरं, मशरूममध्ये काही नाहीच असंही मी म्हणणार नाही. जपानमध्ये टर्की टेल नावाच्या मशरूमपासून काढलेलं पीएसके १९७७ मध्ये आणि शिटाकेपासून काढलेलं लेंटिनान १९८५ मध्ये सरकारमान्य औषध झालं, कॅन्सरच्या ट्रीटमेंटला जोड म्हणून. पण नीट बघा, एक शुद्ध केलेला घटक, ठरलेला डोस, डॉक्टरच्या हाताखाली, केमोच्या सोबत, आणि लेंटिनान तर चक्क इंजेक्शन आहे. त्याच्या पुण्याईवर ही कॅप्सूल विकायची म्हणजे चुलत्याच्या डिग्रीवर पुतण्याने दवाखाना टाकण्यासारखं झालं. रेशीचं म्हणाल तर कॅन्सरबद्दल कॉक्रेनवाल्यांनी (ट्रायल्स गोळा करून पुरावा तपासणारी संस्था) जगभरातल्या ट्रायल्स चाळल्या तेव्हा निकषात बसणाऱ्या फक्त ५ निघाल्या, सगळे पेशंट मिळून ३७३. त्यांचं म्हणणं, मुख्य ट्रीटमेंट म्हणून वापरावी असा पुरावा नाही, फार तर जोड म्हणून विचार करता येईल. फॅटी लिव्हरसाठी तर एवढंही हातात नाही, उंदरांवरचे प्रयोग भरपूर आहेत पण बाबा उंदीर नाहीत.

आणि आता जे काका सांगणार नाहीत ते. रेशीच्या पावडरने लिव्हर खराब झाल्याच्या केसेस मेडिकल जर्नलमध्ये छापून आल्यात, २००४ मध्ये हाँगकाँगहून आणि २००७ मध्ये थायलंडहून, थायलंडची तर जिवावर बेतलेली. अशा केसेस मोजक्याच आहेत, हजारो लोक घेतात आणि काही होत नाही हेही खरं. पण ज्याचं एसजीपीटी आधीच ७८ आहे त्याने ही लॉटरी कशाला खेळायची?

आपल्याकडचंच बघा ना. कोविडमध्ये गुळवेलीचा काढा घराघरात उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट मिळाले, सगळे गुळवेल घेणारे, २०२१ मध्ये पेपर आला. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. कोण बरोबर त्यात मी पडत नाही पण दोन्ही बाजूंनी माझा मुद्दा तोच राहतो, पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं.

आमच्या घरात हे झालंय म्हणून जरा तळमळीने लिहितेय. माझ्या जाऊबाई, ऐरोलीला असतात, वय ५५, त्यांना कोणीतरी रेशीची पावडर आणि सोबत कसलातरी "लिव्हर डिटॉक्स" काढा दिला. दीड महिन्याने भूक गेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद व्हायला लागली. त्यांनी देणाऱ्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "छान, शरीरातली घाण बाहेर पडतेय, डोस बंद करू नका, उलट वाढवा." आणि यांनी वाढवला! मी, जिने आयुष्यभर हेच ड्रम तपासले, मला शेवटी कळलं, कारण "तू नेहमी नावंच ठेवतेस" म्हणून मला सांगितलंच नव्हतं. डोळे पिवळे दिसल्यावर मोठ्या दिरांनी नेलं, एसजीपीटी ६४० आलं. सगळं बंद केलं, बाकी सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, दोनेक महिन्यांत उतरलं. रेशीमुळे का काढ्यामुळे ते शेवटपर्यंत कळलं नाही, दोन्ही डबे घेऊन या असं डॉक्टर म्हणाले तर डबे फेकून दिलेले. म्हणून बाबांनी आधीच काही डोस घेतले असतील तर बाटली फेकू नका, बंद करून कपाटात ठेवा. आणि घाण बाहेर पडतेय असं कोणी म्हणालं ना, तर त्या क्षणी फोन ठेवून लिव्हर प्रोफाइल करायला निघा.

क्लोपिडोग्रेलबद्दल वेगळं सांगायला हवं. रेशीमुळे प्लेटलेट चिकटण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर ती नको असंच सांगतात. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. आणि काकांनी अजून कोणाला दिली असेल तर त्यांच्याही कानावर घाला, किडनी-लिव्हर ट्रान्सप्लांट झालेले, संधिवातासाठी इम्युनिटी दाबणारी औषधं घेणारे, अशांना इम्युनिटी "वाढवणं" म्हणजे घरातल्याच माणसांवर कुत्रं सोडणं.

आता मग करायचं काय. सोनोग्राफीतलं ग्रेड २ म्हणजे चरबी किती दिसते ते, लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळत नाही, आणि काळजी कडकपणाची असते. त्याचा अंदाज घरी काढता येतो, फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. तुम्ही प्लेटलेट २ लाख १० हजार लिहिलेत, म्हणजे ६२ गुणिले ५२ झाले ३,२२४, खाली २१० गुणिले ८.८३ म्हणजे साधारण १,८५४, उत्तर १.७४. १.३ च्या खाली असतं तर निवांत राहा म्हटलं असतं. १.३ च्या वर गेलं की फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी टेस्ट, करून घ्यावा असं धरतात. घाबरू नका, १.७४ म्हणजे काही वाईट निघालं असं नाही, फक्त पुढची टेस्ट करायची वेळ झाली एवढंच. दोन बाटल्यांचे जे पैसे आहेत त्यातच फायब्रोस्कॅन होऊन जाईल, पोटविकाराच्या नाहीतर लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा, सोबत हिपॅटायटिस बी आणि सी ची टेस्ट एकदा करून घ्या, आपल्याकडे ती कोणी सांगतच नाही. बी निगेटिव्ह आला तर लस घ्यायची का तेही विचारा, इम्युनिटी आणि लिव्हर दोन्हीसाठी म्हणाल तर या एका लशीइतकं सरळ काम करणारं मला तरी दुसरं माहीत नाही. शुगर पण बघा.

आणि वजन. कंटाळवाणं उत्तर आहे माहितेय मला. पण ५% उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १०% उतरलं की सूज पण. बाबा ८० किलोचे असतील तर ६ ते ८ किलो, सहा-आठ महिन्यांत. सकाळी सागर विहारला नाहीतर नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेत चालायला न्या, तिथे त्यांच्या वयाचे ग्रुप असतात, चालणं कमी आणि गप्पा जास्त होतात पण घराबाहेर तरी पडतात. बिनसाखरेची कॉफी चालते, उलट कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर बरं राहतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. रात्रीचं श्रीखंड-आमरस आणि "सणासुदीला एखादा पेग" मात्र बंद.

बाबांना मशरूमच हवं असेल तर भाजी करा ना! एपीएमसीतून बटण नाहीतर धिंगरी आणा, बीटा-ग्लुकन त्यातही असतं आणि पावशेराला काय ते चाळीस-पन्नास रुपये. चिरून तासभर उन्हात ठेवलं तर व्हिटॅमिन डी पण तयार होतं त्यात. शिटाके मिळालं तर कच्चं किंवा अर्धवट शिजवलेलं नको, काहींच्या अंगावर चाबूक ओढल्यासारखे लाल वळ उठतात, नीट शिजवलं की प्रश्न नाही.

काकांशी भांडू नका, बहुतेक त्यांनाही कोणीतरी मेंबर करून घेतलेलं असणार आणि घरात चार बाटल्या पडून असणार. बाटलीवर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असेल तर तो फूड म्हणून आहे, औषध म्हणून नाही, कायद्याने बाटलीवर "औषधी वापरासाठी नाही" असं इंग्रजीत लिहावं लागतं. ते वाक्य शोधून काकांना हसत हसत वाचायला द्या.

राहिला गुलमोहर. बुंध्याशी लाल चकचकीत, कडेला पांढरी किनार, लाकडासारखं कडक असेल तर ते गॅनोडर्मा असू शकतं, रेशीच्याच घराण्यातलं, पण त्या घराण्यात एकमेकांसारखे दिसणारे भाऊबंद इतके आहेत की जाणकारांचीही गल्लत होते, त्यामुळे तोडून उकळायचं नाही म्हणजे नाही. नारळावर हाच प्रकार आला की त्याला तंजावर विल्ट म्हणतात, कोकणातल्या बागायतदारांना विचारा, बुंधा कुजून झाड जातं. गुलमोहराला आलंय म्हणजे आतून मुळं कुजायला लागलेली असणार, वरून हिरवागार दिसला तरी. महापालिकेच्या उद्यान विभागाला पावसाळ्याआधी फोटोसकट कळवा, आणि तोपर्यंत बाबांची स्कूटर त्या झाडाखाली लावू नका.