दूध, दही, तूप, अंडं न घालता आणि बाटलीतला रंग न वापरता मुलांसाठी रंगीत नाश्ता कसा करायचा? बीटाची इडली मातकट का होते?

मुलीच्या मैत्रिणीला दुधाची ॲलर्जी आहे, रविवारी सकाळी चार-पाच मुली नाश्त्याला येणार आणि ट्रायल म्हणून केलेली बीटाची इडली मातकट झाली, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदूरचीच, त्यामुळे इथे मिळणाऱ्या सामानावरच सांगते.

इडली फुगावी म्हणून तुम्ही सोडा टाकलात ना, तो नडला. बीटाच्या रंगाला आंबट मानवतं, सोडा पडला की तो पिवळट-मातकट होतो आणि वर वीस मिनिटं वाफ दिलीत म्हणजे उरलासुरला पण गेला. पीठ नीट आंबलं असेल तर सोडा लागतच नाही. कच्चं बीट किसून पिळून त्याचा रस पाण्याऐवजी घाला, थोडं लिंबू पिळा आणि मिनी इडलीच्या साच्यात लावा, लहान असल्याने लवकर होतात आणि गुलाबी राहतात. गोड आप्पे करायचे असतील तर रवा, नारळाचं दूध, हाच रस आणि साखर, गूळ नको कारण त्याच्या तपकिरी रंगात गुलाबी बुडतो. फुगवायला अगदी शेवटी चिमूटभर इनो चालेल, त्यात सोड्याबरोबर सायट्रिक ॲसिड असतं म्हणून नुसत्या सोड्याइतकं बिघडत नाही.

पालकाचं नेमकं उलटं. आंबट आणि जास्त वेळ आच लागली की तो शेवाळी-काळपट होतो, म्हणून आंबवलेल्या इडलीच्या पिठात पालक घालूच नका. भिजवलेल्या मूगडाळीची धिरडी करा. पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, पिळून डाळीबरोबर वाटायची, धिरडं पातळ पसरायचं आणि झाकण ठेवायचं नाही, कारण वाफेबरोबर पालकातला आंबटपणा निघून जायला हवा आणि झाकलं तर तो परत त्यातच पडतो. लिंबू ताटात वाढल्यावर.

हळदीत पण बीटासारखीच सोड्याची गंमत, सोडा लागला की ती लाल होते, ढोकळ्यात सोडा नीट फेटला गेला नाही की जे लाल ठिपके येतात ना ते त्यामुळेच.

पण माझं ऐकाल तर मुख्य पदार्थ घारगे ठेवा. लाल भोपळ्याचा रंग (ठेल्यावर कद्दू मागा) आंबटाला घाबरत नाही, सोड्याला नाही, आचेलाही फारसा नाही आणि तो तेलात विरघळणारा असल्यामुळे तळल्यावर उलट खुलतो. दोन वाट्या किसलेला भोपळा चमचाभर तेलावर मऊ शिजवायचा, वाटीभर गूळ घालून विरघळला की उतरवून पूर्ण गार करायचा, मग चिमूट मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक. पाणी थेंबभरसुद्धा नको, गूळ स्वतःच पाणी सोडतो आणि गोळा सैल झाला की घारगे तेल पितात. जाडसर थापून वर खसखस दाबायची, मध्यम आचेवर तळायचे. आजीच्या काळापासून चाललेला पदार्थ, एक तूप सोडलं की झाला प्लँट-बेस्ड, कुणाला कळणार पण नाही. थंडीत आपल्याकडे लाल गाजर येतं, त्याचेही असेच होतात, फक्त गूळ थोडा कमी.

मुलींना जादू दाखवायची असेल तर जांभळी पत्तागोभी वाटून गाळून तांदळाच्या पिठाच्या घावनात घाला, चिमूटभर सोड्याने ते निळसर होतं आणि वरून लिंबू पिळलं की तिथे तिथे गुलाबी. चवीला ठीकठाकच हो, पण ताटात फार मजा येते.

पोह्यांना मात्र हात लावू नका प्लीज. मुळातच त्यात दूध-तूप नाही, सेव, जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घाला आणि पिवळेच राहू द्या, गुलाबी पोहे इंदुरात कोण खाणार! सेवेच्या पाकिटावर काय काय घातलंय ते तेवढं वाचून घ्या. जलेबी बाहेरून आणू नका, घोळात दही आणि तळायला तूप असू शकतं. ॲलर्जी आहे म्हणून तवा, झारा, आप्पेपात्र तुपाचा हात न लागलेलं, घासून घेतलेलं हवं आणि नारळ, तीळ, खसखस चालतं का हेही तिच्या आईला विचाराच.

आणि हो, बीट खाल्ल्यावर काही मुलांची शू गुलाबी होते, घाबरण्यासारखं काही नसतं, पण सगळ्या आयांना आधीच व्हॉट्सॲप करून ठेवा, नाहीतर रात्री फोन येतील.